तुमच्या जागेवर आता वर्षा

प्रशांतराव,

तुमच्या जलदानविधीला आमच्या शेलार गावच्या विहारात सगळे माईकवर बोलले. तुमचे कॉलेजातले मित्र बोलले, कोन गावातल्या तुमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी बोलले, ज्यांनी तुम्हाला सगळं मिळून दोनदा पाहिलं असेल असे आमचे भावकीतलेही बोलले. माईक माझ्यापुढं आला तो मी तसाच शेजाऱ्याकडं सरकवला. लोकांना वाटलं, सासरा कोसळलाय. कोसळलो वगैरे नव्हतो. पॉवरलूमच्या खडखडाटानं माझा डावा कान गेलेला आहे. आपला आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही. जावयाच्या दुःखात ओरडणारा म्हातारा म्हणून मला तिथं उभं राहायचं नव्हतं.

बोलायचं ते आता लिहून बोलतो. शाळा माझी चौथीपर्यंत, अक्षर वाकडं येईल. तुम्ही वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. आत्मा-बित्मा मी मानत नाही, तुम्हीही मानत नव्हता. तरी माझं मनातल्या मनात तुमच्याशीच बोलणं चाललेलं असतं. ऐकणारा गेला म्हणून बोलणं थांबतं असं काही नाही, हे या वयात कळलं.

मला भीती वाटतेय, प्रशांतराव. आधी तेच सांगून टाकतो. माझी वर्षा तुमच्या जागेवर कामाला लागली आहे. तुमच्याच कंपनीत, तुमच्याच कामावर, आणि पहिल्याच झटक्यात तिला हैदराबादला पाठवलंय. त्याच गोडाऊनला. मी तिच्या पाठोपाठ आलोय. हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालं असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. पण झालं कसं ते तुम्हाला सांगायला पाहिजे.

तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसायचात. लग्न ठरवायला आलात त्या पहिल्या दिवसापासून. कुणी सांगितलं नव्हतं. मी दोनदा 'काय?' म्हणालो, तिसऱ्यांदा तुम्ही उठून खुर्ची फिरवून उजवीकडं आणलीत आणि पुढचं बोललात. त्या वेळीच मी हो म्हणून टाकलं होतं. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून चार दिवस लावले.

मुलीच्या घरी मी पाण्यापलीकडं काही घेत नाही. यावर तुम्ही किती डोकं खाल्लंत माझं. कोनला आलो की तुम्ही मुद्दाम ताट वाढून समोर ठेवायचात. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, मला आवडतं ते सगळं. म्हणायचात, "बाबा, आपण जुनं सगळं सोडलं ना? मग बावीस प्रतिज्ञांमध्ये हे कितव्या नंबरला आहे?"

मी म्हणालो, "तेविसाव्या."

त्या दिवशी तुम्ही ताट उचललंत आणि माझ्यासमोर बसून माझ्या वाटणीचंही जेवलात. मी पाण्याचा पेला घेऊन बघत बसलो. भूक लागली होती. तुम्हाला ते कळलं होतं, आणि मला कळलं होतं की तुम्हाला कळलंय. पण दोघांपैकी कोणी मागं हटलं नाही. असा माणूस मला घरात पाहिजेच होता. हे कधी बोलून दाखवलं नाही. जावयाची तोंडावर स्तुती केली की जावई चढतो, असं आमचा बाप म्हणायचा.

तुमचं काम काय ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शेलारात लोक विचारायचे, तात्या, जावई काय करतो? मी म्हणायचो, कॉम्प्युटर. त्याच्यापुढं मलाच माहीत नसायचं. मग एकदा तुम्ही मला वडप्याला नेलंत. जिथं आम्ही भातलावणीला मजुरीनं जायचो तिथं एवढं थोरलं गोडाऊन. आत पट्टा धावतोय, पट्ट्यावर खोकी, वर लाल उजेड. खोकं त्या उजेडाखालून गेलं की आपसूक आपापल्या कप्प्यात पडतं, नाशिकचं नाशिकच्या, पुण्याचं पुण्याच्या. लूमवर धोटा इकडून तिकडं जातो त्याची मला आठवण झाली. मी म्हणालो, "हे तुम्ही चालवता?"

"चालवतात ही माणसं, बाबा. कुठलं खोकं कुठं जायचं ते सांगणारं एक डोकं आहे कॉम्प्युटरमध्ये. मी ते सांभाळतो."

"आन डोकं फिरलं तर?"

तुम्ही हायवेकडं बोट केलंत. ट्रक उभे होते. "मग ही रांग पडघ्यापर्यंत जाते आणि सगळे जण मला फोन करतात."

हसत म्हणालात. त्या वेळी मीही हसलो.

पुतण्याच्या हळदीला तुम्ही मांडवामागं पाण्याच्या रिकाम्या टाकीवर लॅपटॉप ठेवून उभे होता. पुढं बेंजो वाजतोय, तुमचं मटण ताटलीत गार होतंय. मी बघायला आलो. "जावईबापू, बिघडलेली मशीन कुठं हाय?"

"चेन्नईला."

"आन तुम्ही शेलारात उभं राहून दुरुस्त करता? हात न लावता?"

"हात लावण्यासारखं काही नाहीच तिथं. ती बंद पडलेली नाही बाबा. चालतेय. पण चुकीचं चालतेय, आणि तिला वाटतंय ती बरोबर आहे."

"मंग ती मशीन न्हाय," मी म्हणालो, "शेठ हाय."

तुम्ही इतके हसलात की फोनवरच्या माणसानं विचारलं, काय झालं. त्याला तुम्ही ते हिंदीत करून सांगितलंत. तिकडं चेन्नईतही कोणीतरी हसलं असं तुम्ही म्हणालात. मला त्याचा फार मान वाटला. पण ताटली परत नेऊन गरम करून आणेपर्यंत तुम्ही पुन्हा फोनवर होता, आणि मला आत काहीतरी टोचलं.

आपला खरा वाद तिथून सुरू झाला. तो अर्धा राहिलाय. माझं म्हणणं होतं, लूम वाईट, मी काही त्याचे गोडवे गात नाही. बारा तासांची पाळी, छातीत कापूस, कानाचं हे असं. पण शुक्रवारी लूम बंद म्हणजे बंद. आणि लाइट गेली की अख्खी भिवंडी एका क्षणात गप्प व्हायची. त्या शांततेत माणसं लूमखालीच आडवी व्हायची. शेठ काय, शेठचा बाप आला तरी काही करू शकत नव्हता. मी तुम्हाला विचारलं, "तुमच्यात लाइट कधी जाते?"

तुम्ही म्हणालात, "आमच्यात लाइट जात नाही बाबा. ती जाऊ नये म्हणूनच मला ठेवलंय."

मला गप्प करणारी माणसं कमी आहेत. तुम्ही गेलात तरी मी त्याचं उत्तर शोधतोय. शोधतोय म्हणजे तुम्ही बरोबर होता असं नाही.

तुमची बॅग दाराशी भरलेलीच असायची. आज गुडगाव, उद्या बंगलोर. घरी असलात तरी जेवताना फोन ताटाच्या डाव्या अंगाला, लोणच्याच्या जागी. नवीन गोडाऊन चालू करायचं त्याला तुम्ही गो-लाइव्ह म्हणायचात. माझ्या नातीला, आर्याला, ते गाव वाटायचं. शाळेत बाईंना सांगायची, माझे पप्पा गो-लाइव्हला गेलेत, तिथं खूप पाऊस आहे.

शेवटचं गो-लाइव्ह हैदराबादला होतं. सकाळी तुम्ही वर्षाला फोनवर म्हणालात, छातीत जळजळतंय, कालची बिर्याणी बाधली. ती म्हणाली, गोळी घे. तुम्ही म्हणालात, घेतली. दुपारी कंपनीचा फोन आला. काम करता करता कोसळले, एवढंच सांगितलं. तुम्ही चाळिशीही गाठली नव्हती. तुमच्यामागं आई नाही, बाप नाही. चितेपाशी पुढं मी उभा राहिलो, कारण दुसरं कोण होतं.

आता ते वाक्य.

तुमचे साहेब विहारात आले होते. वयानं तुमच्याहून लहानच दिसले. खाली सतरंजीवर बसले, पायात मोजे, एका मोज्यातून अंगठा बाहेर. माणूस वाईट नाही. जाताना हात जोडून म्हणाले, "बाबूजी, कुछ भी लगे तो बताइए."

सगळेच म्हणतात. काही लागलं तर सांगा. आपण मान हलवायची असते. मी म्हणालो, "लागतंय."

तुम्हाला आमची रीत माहीत आहे, मी सांगितली होती. लूम चालवणारा माणूस गेला की त्याचे लूम दुसऱ्याला द्यायच्या आधी शेठ त्याच्या घरी माणूस पाठवायचा. भाऊ आहे का, पोरगा आहे का, कोणी चालवणार का. घरून बहुतेक वेळा नाहीच यायचं. पण विचारायचं. विचारणं हा गेलेल्याचा मान होता. न विचारता जागा भरली तर बाकीचे कामगार दोन दिवस शेठशी बोलायचे नाहीत.

म्हणून मी विहाराच्या दारात, सगळ्यांच्या देखत त्यांना विचारलं. हिंदीत विचारलं, नीट कळावं म्हणून. हमारे में आदमी जाता है तो उसकी जगह पहले उसके घर में पूछते हैं. आपके में क्या रीत है? माझा आवाज मोठाच गेला असणार. सगळे वळून बघायला लागले. साहेब म्हणाले, "ज़रूर, बाबूजी. ज़रूर." भावकीतले म्हणाले, तात्यांनी बरोबर सुनावलं. वर्षानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

पुढच्या महिन्यात साहेब खरंच कोनला विचारायला आले. वर्षा याच लायनीतली, दुसऱ्या कंपनीत घरी बसून प्रोग्राम तपासायचं काम करायची, हे त्यांना माहीत होतं. मी त्या दिवशी ताठ बसलो होतो. माझ्या डोक्यात सगळं जुळलेलं. ते विचारणार, ती नाही म्हणणार, चहा पिऊन ते जाणार, आणि शेलारात सांगायला होणार की एवढी मोठी कंपनी, पण घरी येऊन विचारून गेली.

वर्षा म्हणाली, "कधीपासून?"

साहेब गेल्यावर मी किचनमध्ये गेलो. "अगं, मी फक्त इचारा म्हणलो व्हतो."

"त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले."

"हातातली नोकरी काय वाईट हाय? घरात हायस, पोरीजवळ हायस."

"बाबा, हैदराबादचं गोडाऊन अजून चालू झालेलं नाही. दिवाळीच्या सेलच्या आत व्हायला पाहिजे. आणि तिकडं सगळे काय म्हणतात माहितेय? प्रशांतनंच घोळ घालून ठेवलाय. जे अडेल ते प्रशांतचं. तो येऊन सांगणार आहे का, माझं नव्हतं म्हणून?"

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मला पडतो," ती म्हणाली, आणि गॅस मोठा केला.

पोरगी हट्टी कोणावर गेलीय ते तुमच्या सासूबाईंनी मला त्या दिवशी उजव्या कानात सांगितलं.

मी काय नाही केलं? अबोला धरला. ती म्हणाली, बरं झालं, कॉल चालू असतात. आर्याला पुढं केलं. वर्षा म्हणाली, बाबा, पोरीला मध्ये आणू नका. शेवटी म्हणालो, जागा मी मागितली, आता मीच नको म्हणतो. तर म्हणते, "तुमच्या रीतीत असं चालायचं का? घरच्यानं हो म्हटल्यावर म्हाताऱ्यानं येऊन लूम बंद करायचा?" नाही चालायचं. मला खोटं बोलता आलं नाही.

तुम्ही असता तर तिनं तुमचं ऐकलं असतं. तुम्ही तिला कधी नाही म्हणत नव्हता, म्हणून ऐकलं असतं. मी जन्मभर नाहीच म्हणत आलोय, तर माझ्या नाहीला आता पंख्याच्या आवाजाएवढी किंमत.

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. जिना चढताना थांबते का. घाम येतो का. बोलताना हात कुठं जातो. एकदा तिच्या पर्समधून पाकीट काढताना तीच पट्टी खाली पडली. ॲसिडिटीच्या गोळ्यांची, तुमच्या खिशात असायची ती. ती उचलून मी तिच्यासमोर धरली. तिला म्हणालो, "ही कशाला?"

"बाबा, आख्खी भिवंडी ही गोळी खाते."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलंय. ईसीजी काढला, सगळं नॉर्मल आहे. तुम्ही दाखवा तुमचं."

मी दाखवलं नाही. मला काय झालंय?

हैदराबादचं तिकीट निघालं तेव्हा मी म्हणालो, मी येतो. ती हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसली, म्हणून मी ते हसणं चालवून घेतलं. "ऑफिसात काय सांगू? वडील सोबत आलेत?"

"सांग हमाल हाय. बॅग उचलायला आणलाय."

आर्याला तिच्या आजीजवळ ठेवून आम्ही निघालो. विमानाबद्दल लिहीत नाही. खिडकी तिनं मला दिली आणि मी डोळे मिटून बसलो. हॉटेलात मी तिच्या पैशाचं जेवतोय, तेविसावी मोडली. तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो.

काल ती आत गेली आणि मला गेटावर अडवलं. रखवालदार खाजाभाई म्हणून आहे, पन्नाशीचा, दाढीवाला. म्हणतो, "नक्को चाचा, अंदर नक्को. अंदर जाने कू पास होना." त्याचा तो नक्को ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. त्यानं प्लॅस्टिकची खुर्ची दिली, चहा दिला. काल दिवसभर बसलो. ट्रक मोजत नव्हतो, ती आत गेलेलं दार बघत होतो. दार उघडलं की मी अर्धा उठायचो, कोणी धावत तर येत नाही ना. संध्याकाळी ती आली तेव्हा चेहरा राखेसारखा. विचारलं तर म्हणाली, पट्टा चालतो आणि मध्येच थांबतो. जेवली नाही, डाळ ढवळत बसली. फोन ताटाच्या डाव्या अंगाला.

आज खाजाभाईनं विचारलं, "कौन है अंदर, चाचा?"

"बेटी. इंजिनियर है."

"वो नई मॅडम? प्रशांत साब की जगह आए सो?"

"हां. प्रशांत मेरा जमाई."

तो बसलेला उठून उभा राहिला. टोपी सारखी केली. मग म्हणाला, "पानी मैंच दिया था, चाचा."

मी उजवा कान त्याच्याकडं केला.

म्हणाला, तुम्ही दुपारी बाहेर आला होता. घामानं शर्ट भिजलेला. पाणी मागितलंत. "बोले, खाजाभाई, पाँच मिनट बैठता हूँ इधर. मैं कुर्सी लाने गया. कुर्सी लाके देखा तो साब फोन पे. हाथ से इशारा करे, आता हूँ करके. अंदर चले गए." आत गेल्यावर जिन्यात ते झालं.

खुर्ची कुठली, ते मी विचारलं नाही. मी मात्र उठून उभा राहिलो, आणि पुन्हा बसवेना.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, प्रशांतराव. साहेबांना माहीत नसेल. मला वाटत होतं, तुम्हाला कळलंच नाही, काम करता करता एकदम झालं. तर तुम्हाला कळलं होतं. तुम्ही बसायला बाहेर आला होता. कोणी धरून खाली बसवणारं पाहिजे होतं, एवढंच.

मी खाजाभाईला म्हणालो, मॅडमला वायरलेसवरून बोलाव. बोल, बाप बाहर बुलाता है.

"काम में होंगे चाचा. चिल्लाएंगे मेरे पे."

"मुझपे चिल्लाएगी. चिल्लाने दे, मेरा एकच कान चालू है."

ती आली ती जवळजवळ धावतच आली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, काखेत उघडा लॅपटॉप, कानाला फोन. "काय झालं? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बस."

"बाबा, तिकडे पट्टा थांबलाय, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. काय झालंय?"

"काय न्हाय झालं. पाच मिनिटं बस."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं, आता काहीतरी असं बोलेल जे परत घेता येणार नाही. खाजाभाई ट्रकच्या नंबरप्लेटी वाचायला लागला. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच होतो. खुर्ची आणखी तिच्याकडं सरकवली. ती बसली. फोन पुन्हा वाजला. तिनं घेतला, म्हणाली, "पाच मिनट में आती हूँ," आणि मांडीवर पालथा ठेवला.

खाजाभाईनं चहा आणला. ती प्यायली. लॅपटॉप मिटला नाही, पण त्याच्यात पाहिलंही नाही. समोर एक कुत्रं ट्रकखाली सावलीत आडवं झालं होतं, त्याच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही का उभे?"

"पाय अवघडलेत."

"बाबा, घोळ त्याचा नाहीये. सकाळी सापडलं मला. दुसऱ्याच कुणीतरी नंतर बदललंय. त्याचं बरोबर होतं."

"मला म्हाईत हाय," मी म्हणालो. मला काय माहीत असणार? पण तेच म्हणालो.

पाच मिनिटं पूर्ण बसली नसेल. पण बसली. कप खाजाभाईच्या हातात दिला, माझ्या उजव्या कानाशी येऊन हळू म्हणाली, "उद्या असं बोलावू नका, माझी पंचाईत होते," आणि आत गेली.

खाजाभाईनं मला सांगितलं ते मी तिला सांगितलेलं नाही. सांगावं की नाही ते मला कळत नाही. सांगितलं तर ती बसायला शिकेल, की कायमची आतून खचून बसेल? तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. एवढं एकच तुम्हाला विचारायचं होतं, आणि नेमकं तेच तुम्हाला विचारता येत नाही.

उद्या मी तिला बोलावणार. परवाही बोलावणार. तिची पंचाईत झाली तर होऊ दे. कंपनीनं मला गेटावरून उठवलं तर समोरच्या रस्त्यावर उभा राहून हाका मारीन, आवाज माझा मोठा आहे. ती कोनला परत येईल, तिथं फोन वाजेल, तेव्हाही मी शेलारहून येईन आणि समोर बसून तिचं ताट संपेपर्यंत उठणार नाही.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा या गेटावर आपलं कोणी नव्हतं, प्रशांतराव. खुर्ची आणायला परका माणूस गेला होता.